परदेशातली घड्याळं बदलतात तेव्हा नाशिकमध्ये काय करायचं?

नाशिकच्या घड्याळांना वर्षभर कुणी हात लावत नाही. भारतीय प्रमाणवेळ बारा महिने तीच राहते. पण मुलगी न्यू जर्सीत, भाचा लंडनला, द्राक्षांचा खरेदीदार रॉटरडॅमला नि ऑफिसचा क्लायंट शिकागोत, असं चित्र आता गंगापूर रोडपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत सगळीकडे दिसतं. या मंडळींची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर सरकतात आणि त्याचा गोंधळ आपल्या घरात होतो. नेहमीचा फोन भलत्याच वेळी येतो, मीटिंग नेमकी जेवणाच्या वेळेवर येते, नातवाला फोन लावावा तर तो झोपलेला असतो.

घड्याळ त्यांचं बदलतं, बिघडते ती दोघांत ठरलेली वेळ. त्यामुळे ही वेळ कुणाच्या घड्याळाने चालणार हे आधी बोलून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. बाकीच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत.

ते लोक असं करतात तरी का? लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासांचाही नसतो. उन्हाळ्यात भल्या पहाटे उजाडतं, तो उजेड झोपेत वाया जाऊ नये म्हणून घड्याळ तासभर पुढे करून संध्याकाळ लांबवायची, असा हा प्रकार. पुढे केलेली ती उन्हाळी वेळ, एरवीची हिवाळी. जर्मनी आणि ब्रिटनने पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तो सुरू केला. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास, त्यामुळे आपल्याला त्याची गरज भासत नाही. ऊन तापलं की आपण शाळा सकाळची करतो, घड्याळ तसंच ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात मात्र भारतातही घड्याळं तासभर पुढे होती, ती १९४५च्या ऑक्टोबरात परत मागे आली.

१. देश नको, गाव विचारा

‘अमेरिकेत किती वाजले?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. न्यू यॉर्क, शिकागो नि कॅलिफोर्निया यांच्या वेळा वेगळ्या आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये आणि हवाईत घड्याळ बदलतच नाही, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. ऑस्ट्रेलियातही तसंच आहे. सिडनी आणि मेलबर्न बदलतात, ब्रिस्बेन आणि पर्थ बदलत नाहीत. त्यामुळे मोबाइलमध्ये, डायरीत किंवा फ्रिजवरच्या कागदावर शहराचंच नाव लिहा.

दुबई, सिंगापूर किंवा जपानमध्ये कुणी असेल तर तुम्ही सुटलात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे आणि जपान साडेतीन तास पुढे, हे वर्षभर बदलत नाही.

२. तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि बहुतेक युरोपीय देशांत हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणजे २०२६मध्ये युरोप २५ ऑक्टोबरला मागे येईल आणि अमेरिका १ नोव्हेंबरला. २०२७मध्ये अमेरिका १४ मार्चला पुढे जाईल, युरोप २८ मार्चला.

या दोन तारखांमधल्या काळाकडे नीट लक्ष द्या. मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा असा असतो की अमेरिका उन्हाळी वेळेवर असते आणि युरोप हिवाळी. एरवी न्यू यॉर्क लंडनच्या पाच तास मागे असतं, या दिवसांत चारच तास. नाशिक, लंडन आणि न्यू यॉर्क अशा तिघांचा कॉल असेल तर सगळ्यांत जास्त घोळ याच दिवसांत होतो. कॅलेंडरवर एकट्या तारखेवर खूण करण्याऐवजी हा पूर्ण पट्टाच रंगवून ठेवा.

सिडनी, मेलबर्न आणि न्यूझीलंड दक्षिण गोलार्धातले, त्यांचं सगळं उलटं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते मागे येतात. पुढे जाताना न्यूझीलंड सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी जातं, तर सिडनी-मेलबर्न ऑक्टोबरच्या पहिल्या.

बदल तिकडे मध्यरात्रीनंतर होतो, पण आपल्याकडे तेव्हा काय वाजलेले असतात? युरोपसाठी रविवारी सकाळचे साडेसहा. न्यू यॉर्कसाठी मार्चमध्ये रविवार दुपारचे साडेबारा आणि नोव्हेंबरमध्ये साडेअकरा. कॅलिफोर्नियासाठी दुपारचे साडेतीन आणि अडीच. म्हणजे रविवार संध्याकाळचा घरचा व्हिडिओ कॉल हाच नव्या वेळेचा पहिला कॉल असतो. आठवणीचा मेसेज शनिवारीच टाका.

३. फरक पाठ करा, बोटं मोडत बसू नका

हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स साडेचार आणि साडेतीन. न्यू यॉर्क, न्यू जर्सी साडेदहा आणि साडेनऊ. शिकागो, डॅलस साडेअकरा आणि साडेदहा. कॅलिफोर्निया साडेतेरा आणि साडेबारा. सिडनी मात्र आपल्या पुढे आहे. तिकडच्या हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेपाच.

अमेरिकेसाठी वजाबाकीपेक्षा सोपा हिशोब आहे. न्यू जर्सीसाठी आपल्या वेळेत हिवाळ्यात दीड तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मिळवायचे, आणि रात्रीचा दिवस करायचा. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर तिकडे हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा. डॅलससाठी हिवाळ्यात अर्धा तास मिळवा, उन्हाळ्यात दीड. कॅलिफोर्नियासाठी उन्हाळ्यात अर्धा तास आणि हिवाळ्यात दीड तास वजा करा. तिथे आपल्या रात्री आठला उन्हाळ्यात सकाळचे साडेसात होतात, हिवाळ्यात साडेसहा.

लंडनसाठी तर काही पाठच करायला नको. हातातलं काट्यांचं घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. आकडे न बघता नुसत्या काट्यांच्या जागेवरून वेळ वाचा, ती लंडनची हिवाळी वेळ. आपले सकाळचे दहा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेचार दिसतात, आणि तिकडे पहाटेचे साडेचारच वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर त्यात एक तास मिळवायचा. मुलांना हे दाखवाच, प्रमाणवेळ म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

४. वेळ कुणाच्या घड्याळाने चालणार?

‘दर रविवारी रात्री आठला बोलू’ असं ठरलं की दोन्ही बाजू आपापल्या परीने ते बरोबर पाळतात आणि तरीही चुकामूक होते. नाशिकचे आठ धरले तर न्यू जर्सीतल्या लेकीसाठी वेळ साडेनऊ आणि साडेदहा अशी फिरते. तिचे साडेनऊ धरले तर आपल्याकडे हिवाळ्यात आठ आणि उन्हाळ्यात सात. दोन्ही चालतं, फक्त एक ठरवा. माझ्या मते ज्याच्या दिवसात कमी जागा आहे त्याचं घड्याळ धरावं. लेकीला मुलांना सोडून कामावर पोचायचं असेल तर तिचं. आजी रात्री नऊला झोपत असतील तर आजींचं.

द्राक्षवाल्यांसाठी हा मुद्दा पैशाचा आहे. युरोपची निर्यात साधारण जानेवारी ते एप्रिल चालते आणि तिथली घड्याळं ऐन हंगामात, मार्चच्या शेवटी बदलतात. रॉटरडॅमचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं असं धरू. तोवर त्यांना मालाचे फोटो आणि तपासणीचा अहवाल हवा असेल, तर पॅकहाउसमधून तो दुपारी दीडपर्यंत गेला तरी चालतं. शेवटच्या रविवारनंतर तो साडेबाराला जायला हवा. काढणी सकाळी सुरू होते. माल पॅकहाउसला येणार, निवडला जाणार, प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, लागणार, आणि या सगळ्यातून एक तास गळतो. म्हणून आदल्या आठवड्यातच निफाड-दिंडोरीच्या बागेवरच्या टोळीला, गाडीवाल्याला आणि पॅकहाउसच्या सुपरवायझरला नवी वेळ सांगून ठेवा. खरेदीदाराला लिहितानाही ‘दुपारी एक वाजता’ एवढंच न लिहिता ‘नाशिकची दुपारची एक, रॉटरडॅमची सकाळची साडेनऊ’ असं दोन्हीकडचं लिहा. एक जरी चुकलं तरी समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

ऑफिसच्या मीटिंगला हाच नियम. न्यू यॉर्कच्या सकाळी दहाची मीटिंग नाशिकमध्ये हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते. मार्चमधला बदल जास्त अडचणीचा, कारण साडेसातला माणूस अंबडहून निघून द्वारका चौकाच्या गर्दीत अडकलेला असू शकतो. त्या सोमवारपासून निघण्याची वेळ बदला किंवा मीटिंग घरून करा, पण हे आधीच्या शुक्रवारी टीमला सांगून ठेवा.

५. मोबाइल

वर्ल्ड क्लॉकमध्ये शहर शोधून टाका, म्हणजे बदल तो आपोआप करतो. ‘जीएमटी उणे पाच’ (ग्रीनिचच्या वेळेपेक्षा पाच तास मागे) असा पर्याय निवडलात तर तो वर्षभर तसाच राहील आणि मार्चनंतर तासभर चुकीचं दाखवेल. कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग बनवताना टाइम झोन निवडायची सोय असते. वेळ त्यांच्या घड्याळाने ठरली असेल तर तिथे न्यू यॉर्क निवडा, आपल्या घड्याळाने ठरली असेल तर भारत. चौथ्या पायरीतला निर्णय इथे नोंदवला की पुढचं मोबाइल सांभाळतो. साध्या अलार्मला मात्र यातलं काही कळत नाही. न्यू जर्सीच्या कॉलसाठी रोजचा अलार्म लावला असेल तर तो हाताने बदलावा लागतो.

६. भिंतीवरचं दुसरं घड्याळ

बऱ्याच घरांत आपल्या घड्याळाशेजारी ‘लेकीचं घड्याळ’ असतं. मला ही पद्धत आवडते. आजी-आजोबांना मोबाइल उघडावा लागत नाही, येता-जाता कळतं की आता ती उठली असेल.

सेलवर चालणारं घड्याळ तासभर पुढे न्यायचं तर मागचं चक्र फिरवून मोठा काटा एक पूर्ण फेरा फिरवा. मागे आणायचं असेल तर सेल काढून बरोबर एका तासाने परत बसवा, सेकंदसुद्धा चुकत नाही. झालं की दोन्ही घड्याळांचे मोठे काटे बघा. अमेरिका आणि युरोपशी आपला फरक नेहमी अर्ध्या तासाने असतो, त्यामुळे आपला मोठा काटा बारावर असताना त्यांचा सहावर हवा, आपला तीनवर तर त्यांचा नऊवर. काटे समोरासमोर नसतील तर दोघांपैकी एक घड्याळ मागे पडलंय.

जुन्या वाड्यातलं लंबकाचं, टोल देणारं घड्याळ यासाठी वापरत असाल तर काटा उलटा कधीही फिरवू नका, टोलांची यंत्रणा बिघडते. मागे आणायचं असेल तर लंबक धरून थांबवा आणि तासाभराने हलका झोका द्या. पुढे नेताना अर्ध्यावर आणि पूर्ण तासावर थांबून टोल वाजू द्या, मगच काटा पुढे सरकवा.

७. आई-बाबा तिकडे गेले असतील तर

शनिवारी रात्री झोपण्याआधी मायक्रोवेव्ह, ओव्हन, भिंतीवरचं आणि गाडीतलं घड्याळ बदलून टाका. मोबाइलमध्ये ‘आपोआप वेळ’ चालू आहे का ते बघा. मार्चची ती रात्र एक तास लहान असते, म्हणून लवकर झोपा. दिवसातून एकदाच्या बहुतेक गोळ्यांना तासाभराने फरक पडत नाही, पण इन्सुलिन किंवा ठरावीक तासांनी घ्यायचं औषध असेल तर नाशिकहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. विमानांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या सुमारास मुंबईहून उड्डाण असेल तर टॅक्सी सांगण्याआधी तिकिटावरची वेळ पुन्हा तपासा. तिकिटावर नेहमी त्या त्या गावाची स्थानिक वेळ छापलेली असते, तिच्यात आपण काही मिळवायचं नसतं.

संकष्टीला आपल्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ तिकडे चालत नाही. त्या शहराचं पंचांग बघा. छापील पंचांगात नुसती प्रमाणवेळ दिली असेल तर उन्हाळी वेळेच्या महिन्यांत एक तास मिळवा.

८. दिवाळीचा कॉल

२०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे अमेरिकेचं घड्याळ मागे गेल्यावर बरोबर आठवड्याने. ऑक्टोबरात ठरवलेली भाऊबीजेची वेळ तोवर बदललेली असेल. न्यू जर्सीतल्या भावाला नाशिकहून संध्याकाळी सातला ओवाळायचं तर ऑक्टोबरच्या हिशोबाने त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ येतात, प्रत्यक्षात साडेआठ वाजलेले असतील. त्याला त्या वेळी कामावर निघायचं असेल तर ओवाळणी आपल्या संध्याकाळी सहाला ठेवा, तिकडे साडेसात होतील. लंडनच्या भावाचं घड्याळ २५ ऑक्टोबरलाच मागे गेलेलं असेल. आपल्या सातला त्याच्याकडे दुपारचे दीड वाजतील, तेव्हा त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठा.