नाव खोडले, तरी माणूस ओळखू येतो

माणसांवरील संशोधनासाठी लागणारी नीतिशास्त्र समितीची मान्यता, संमतिपत्र आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. मी अडखळलो ते त्याच्या पुढे.

ऊसतोड कामगारांना उन्हाचा किती त्रास होतो हे पाहण्यासाठी आम्ही त्यांच्या मनगटांना हृदयगती आणि हालचाल नोंदवणारे पट्टे बांधले होते. नावाऐवजी क्रमांक दिला की ओळख पुसली जाते, असे मार्गदर्शकांनी सांगितले आणि मी मान डोलावली. (उसाच्या फडावर न जाणाऱ्या मार्गदर्शकाचा शब्द अंतिम मानू नये, हे माझे मत तेव्हापासूनचे.) पट्टे बांधत मी कोपींच्या, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांच्या, रांगेने गेलो, त्यामुळे पहिल्या जोडप्याला एक आणि दोन, पुढच्याला तीन आणि चार असे क्रमांक पडत गेले. चौथ्या दिवशी बांधावर लॅपटॉप उघडून मी आलेख पाहत असताना टोळीला कामावर आणणारा मुकादम मागे येऊन उभा राहिला. त्याने खिशातली वही काढली, नावांवरून बोट खाली सरकवले आणि म्हणाला, "आठ नंबर दुपारी तासभर बसलेली दिसतीय." त्याच्या वहीतही नावे कोपींच्याच क्रमाने होती. माझ्या लेखी जी विश्रांती होती, ती त्याच्या लेखी कामचुकारपणा होता, आणि त्या बाईंच्या घरावर त्याचीच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम, होती.

२०१३ मध्ये पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात ठिकाण आणि वेळ सांगणारे केवळ चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळे ओळखायला पुरले होते. वीस जणांच्या टोळीत तेवढेही लागत नाहीत. म्हणून क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या, नाव-क्रमांकाची यादी फडावर नेऊ नका, आणि संमती मुकादमासमोर तर मुळीच घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्याच व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नसेल तरच. संमतिपत्राचा तयार नमुना उतरवून घेणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. त्यात "हालचालींची नोंद" असे असते, "तुम्ही कधी बसलात हे यातून कळते" असे नसते.

तरीही घाबरून विषय सोडू नका. घडलेला प्रकार मी समितीला लेखी कळवला तेव्हा काम कायमचे बंद पडेल असे वाटले होते. त्यांनी ते काही काळ थांबवून नव्याने संमती घ्यायला सांगितले, इतकेच. आम्ही संध्याकाळी, चुली पेटल्यावर, एकेका कोपीत जाऊन बोललो. आठ क्रमांकाच्या बाईंनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. कारण मी विचारले नाही.