'मानवत नाही' म्हणजे ॲलर्जी नव्हे: या चुका टाळा

परवा एक काकू दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या मेडिकलमध्ये आल्या. चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलं होतं, 'पेनिसिलिन ॲलर्जी'. त्यामुळे पेनिसिलिनच्याच गटातली नेहमीची अमॉक्सिसिलिन टाळून डॉक्टरांनी दुसरं अँटिबायोटिक दिलं होतं. मी विचारलं, "काकू, तेव्हा नक्की काय झालं होतं?"

"अहो, ती मोठी गोळी घेतली की पोटात नुसती गुडगुड. तीन दिवस जुलाब. तेव्हापासून सगळीकडे सांगते, मला ॲलर्जी आहे म्हणून."

अंगावर काही उठलं होतं? नाही. ओठ, डोळे सुजले? नाही. धाप? तीही नाही. म्हणजे काकूंना ते औषध मानवलं नव्हतं, एवढंच. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या गोळीने पुष्कळांना जुलाब होतात.

आपल्या भाषेत यासाठी चांगले शब्द आहेत: मानवत नाही, सोसत नाही, बाधतं. पण ते मागे पडले आणि सगळ्याला 'ॲलर्जी' म्हणायची सवय लागली. काउंटरवर उभा राहून मी हे रोज ऐकतो आणि मला खरंच काळजी वाटते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, सूज, उलट्या, धाप असं काहीतरी सुरू होतं. त्याला चिमूटभर पदार्थही पुरतो. न मानवण्यात प्रतिकारशक्तीचा हात नसतो. एखादं एन्झाइम कमी असतं, किंवा औषधाचा ठरलेला परिणामच त्रासदायक होतो. तिथे किती खाल्लं याला महत्त्व असतं.

चूक: फक्त 'ॲलर्जी' एवढंच लिहून ठेवणं

अमेरिकेत दर 10 पैकी सुमारे एका रुग्णाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते. नीट तपासणी केली तर त्यांतल्या 10 पैकी 9 हून अधिक जणांना ते औषध चालतं. काहींना मुळात ॲलर्जी नव्हतीच, काहींची काळाच्या ओघात गेली. पण तो शिक्का एकदा बसला की डॉक्टरांना जास्त व्यापक, पुष्कळदा जास्त महाग आणि कधी कमी गुणकारी औषधाकडे वळावं लागतं.

रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. तो दुष्परिणाम आहे, डॉक्टर दुसऱ्या गटातली गोळी देऊ शकतात. मात्र त्याच गोळीने ओठ किंवा जीभ सुजली, अगदी वर्षभर गोळी चालू असताना सुजली, तरी गोळी थांबवून तातडीने दवाखाना गाठायचा.

उलट बाजूही सांगतो. औषधाची ॲलर्जी नेहमी लगेच दिसत नाही. पुरळ कधी आठवड्यानेही उठतं. तोंडात, डोळ्यांत फोड आले, कातडी सोलायला लागली, तर ते जिवावरचं दुखणं असू शकतं आणि ते औषध पुन्हा कधीही घ्यायचं नाही. काही जणांना ठरावीक औषध घेतलं की दर वेळी त्याच जागी, ओठावर किंवा हातावर, गोल काळसर डाग उमटतो. हा डाग पाहिला की मी आधी विचारतो, मागच्या वेळी कोणती गोळी घेतली होती? बऱ्याचदा ती वेदनाशामक, सल्फा किंवा मेट्रोनिडाझोल निघते.

चूक: 'पित्त' म्हणून सोडून देणं

घशाशी आंबट येतं ते पित्त, डोकं ठणकतं ते पित्त, आणि अंगावर लाल गांधी उठतात तेही पित्तच. "पोराला शेंगदाण्याने पित्त होतं" असं एखादी आई म्हणाली, तर मी थांबवून विचारतो, नक्की कुठलं पित्त? गांधी उठत असतील तर आमसुलाचं पाणी चोळून विषय संपत नाही. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, उपवासाच्या खिचडीत, सगळीकडे असतं. त्या मुलाला ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

चूक: दूध सोसत नाही म्हणून सगळंच बंद करणं

दुधातली साखर, लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. बालपणानंतर ते पुष्कळ लोकांमध्ये कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आणि मग गॅस, मुरडा, जुलाब. पण अशा बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, चालतं. जेवणासोबत तर जास्त सहज. दह्यात लॅक्टोज कमी असतं आणि ते पचायलाही सोपं जातं. तुपात जवळजवळ नसतंच.

दुधाची ॲलर्जी मात्र प्रथिनांची असते. तिथे लॅक्टोज-फ्री दूध उपयोगाचं नाही. गाईचं सोडून म्हशीचं किंवा शेळीचं दिलं तरी धोका तोच, कारण प्रथिनं मिळतीजुळती असतात. लहान मुलांच्या आयांना हे मी दोन-दोनदा सांगतो.

गव्हाचा सीलिॲक आजार या दोन्हींत बसत नाही. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याला इजा करते. तपासणीआधीच पोळी बंद केली तर रक्ताचा अहवाल फसवा येऊ शकतो, म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

अळूने घसा खवखवतो तीही ॲलर्जी नसते. पानातले कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. म्हणून तर फदफद्यात चिंच घालतात. आणि बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन आधीच तयार झालेलं असतं, शिजवूनही ते जात नाही. एकाच ताटातला मासा खाल्लेल्या चौघांचे चेहरे लाल झाले तर दोष बहुधा त्या माशाचा.

चूक: ॲलर्जी नाही म्हणजे धोका नाही, असं समजणं

दमा असलेल्या काहींना ॲस्पिरिनने भयंकर धाप लागते. ही नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी नव्हे, औषधाच्या कामाच्या पद्धतीतूनच ती उद्भवते. म्हणूनच त्याच पद्धतीने काम करणाऱ्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनीही तसंच होऊ शकतं. अंगदुखीवर सर्रास मागितल्या जाणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन असतं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

तसंच जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता. मुंबईतल्या पारशी समाजात ती तुलनेने जास्त आढळते. मलेरियावरच्या प्रायमाक्विनने अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, लघवी काळपट होते. घरात कुणाला असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

रक्तातलं आयजीजी (एक प्रकारची अँटिबॉडी) मोजून शेकडो पदार्थांची 'न मानवणाऱ्यां'ची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. आयजीजी आपण ते अन्न खातो एवढंच दाखवतं.

गांधींसोबत धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली, तर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नका. अशा वेळी जीव वाचवणारं औषध ॲड्रिनॅलिन, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. 108 ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, उभं करू नका. फार धाप असेल तर बसू द्या.

काकूंना मी एक कागद दिला आणि त्यांच्याकडूनच लिहून घेतलं: औषधाचं नाव, कितव्या गोळीनंतर, काय झालं, किती दिवस. खाली त्यांनी लिहिलं, 'पुरळ नाही, सूज नाही, धाप नाही'. लाल ओळ खोडायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. कागद घेऊन त्या तशाच परत दवाखान्यात गेल्या.