अभ्यासासाठी घड्याळ बांधताय? आधी सही कशावर करताय ते बघा

गेल्या चवथीत म्हार्दोळच्या घरी आरती झाली आणि मी मनगटाकडे बघितलं. स्मार्ट घड्याळात नाडी १५८! वय ६४. सुनेचं तोंड उतरलं. मी मानेला दोन बोटं लावून अर्धा मिनिट मोजलं, ४८ ठोके आले. म्हणजे मिनिटाला ९६. मग १५८ कुठून आले? मी घुमट, म्हणजे आमचं मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवत होतो, आणि घड्याळ बांधलेला डावा हात घुमटाच्या तोंडावर सारखा उघडझाप करत होता. घड्याळाने काळजाचे ठोके सोडून आरतीचा ठेका मोजला.

ते घड्याळ माझं नव्हतं. एका रुग्णालयाचा आणि घड्याळाच्या कंपनीचा मिळून वैद्यकीय अभ्यास चालला होता, त्यात मी सहा महिने होतो. आता आमच्या भजनी मंडळातली दोघंतिघं विचारतात, "मास्तर, आम्ही जाऊ का?" जा की. पण आधी एवढं करा.

संमतीपत्र घरी आणा. तिथल्या तिथे सही करू नका, कितीही गोड बोलले तरी. घरी चष्मा लावून बघायचं ते एकच: कंपनी यात नेमकी कोण आहे? कधी ती नुसती घड्याळं देते. कधी अभ्यासाचा पैसाच तिचा असतो. आणि पुष्कळदा तुमचा डेटा आधी तिच्या सर्व्हरवर जातो, डॉक्टरांना तिथून मिळतो. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. ॲपल आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हृदयाच्या अभ्यासाला पैसा ॲपलचाच होता, आणि ते उघडपणे छापलेलं आहे. उघड असलं की झालं. आपल्याकडे पत्रकावर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नंबर दिसला तर त्या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर टाकून बघा. प्रायोजक कोण, पैसा किंवा सामान कुणाचं, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं.

माझ्या पत्रात सहीच्या वर दोन चौकोन होते. पहिला अभ्यासासाठी. दुसऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हीच माहिती कंपनीला आपलं उत्पादन सुधारायला वापरता येईल. मी दोन्हींवर टिकमार्क केली. आयुष्यभर पोरांना "प्रश्न नीट वाचा" सांगणारा मी! अभ्यासाच्या समन्वयक बाईंनीच नंतर सांगितलं, की दुसरा चौकोन रिकामा ठेवला तरी अभ्यासात घेतात. अभ्यासातून मधेच बाहेर पडायचा हक्कही असतो. मात्र तोवर गोळा झालेल्या माहितीचं काय होणार, ते सहीच्या आधीच विचारा.

आता बांधणं. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतपत घट्ट. मागच्या बाजूला हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त तो शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी काढतात. पट्टा सैल असला किंवा हात एका लयीत हलत राहिला की गणित चुकतं. आपल्याकडच्या घामाने पट्ट्याखाली पुरळ उठतं, म्हणून रोज आंघोळीनंतर पट्टा धुऊन कोरडा करा. चार्जिंग तेवढ्यातच.

वही ठेवा. मी लिहिलं होतं: "आरती, घुमट, ७.४० ते ८.२५." त्या ओळीमुळेच तो आकडा बाजूला काढता आला, असं बाई म्हणाल्या. घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं तर ती तारीखही लिहा. चौथ्या महिन्यात अपडेट आलं आणि माझी झोप एका रात्रीत पाऊण तासाने वाढली. पाव विकणाऱ्या पोदेराच्या पों-पोंने मी उठतो तो नेहमीच्याच वेळी. कंपनीने हिशेबाची रीत बदलली होती, आणि डॉक्टरांना ते आमच्याकडूनच कळलं. म्हणून आधी विचारून ठेवा: डॉक्टरांना सेन्सरचे मूळ आकडे मिळतात, की कंपनीने शिजवलेले?

इशारा आला तर घाबरू नका, पण झटकूनही टाकू नका. त्या ॲपलच्या अभ्यासात ४,१९,२९७ माणसं होती. २,१६१ जणांना नाडी अनियमित असल्याची सूचना गेली. त्यांतल्या ४५० जणांचे छातीवर लावायचे ईसीजी पॅच तपासले, तेव्हा ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे काळजाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडलं. बाकीच्यांचं घड्याळ खोटंच बोललं असंही नाही, कारण हा विकार येतो-जातो आणि पॅच काही दिवसांनी लागला होता. इशारा आल्यावर फोन कुणाला करायचा, तो नंबर सहीच्या दिवशीच घ्या. छातीत दुखलं तर मात्र घड्याळ बघत बसू नका, १०८ लावा.

शेवटी घड्याळ परत देताना फोनमधून जोडणी तोडा, खातं बंद करा आणि पोचपावती घ्या. मी पावती घेतली नाही. दोन महिन्यांनी फोन आला, "मास्तर, आमचं घड्याळ कुठे आहे?"