क्रीडा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काय काय तयार ठेवावं

विद्यापीठात कोचिंग शिकायला जाणारे बहुतेक जण स्वतः खेळाडू असतात. त्यामुळे तयारी म्हटली की ते आधी धावायला लागतात, दम वाढवतात. वाढवा, त्याने बिघडत काहीच नाही. पण प्रात्यक्षिकाला परीक्षक तुमच्या धावण्याला गुण देत नाहीत. समोरची पंधरा पोरं अर्ध्या तासात काय शिकली, ते बघतात. म्हणून माझ्या यादीत पहिली तयारी नजरेची.

आपल्याच खेळाचा सराव चालतो तिथे कोचची परवानगी काढून कडेला उभं राहा. चेंडूकडे बघायचा मोह आवरा आणि कोचकडे बघा. वहीत दोन रकाने पाडा: कोच काय बोलला, आणि त्यानंतर खेळाडूने काय केलं. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच न्या, कुठलाही एक खेळाडू निवडा आणि तो खरोखर खेळतोय तेवढाच वेळ मोजा. रांगेत उभं राहणं, कोन (खुणेसाठी मैदानावर ठेवायचे छोटे शंकू) हलवायची वाट बघणं, सूचना ऐकणं यातलं काहीही धरू नका. उरलेला आकडा बघून बरेच जण गप्प होतात. अशा मोजणीला शास्त्रीय परंपराही आहे. १९७४-७५च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतले नामांकित बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांच्या सरावात बसून त्यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद केली. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग काय करायचं, कसं करायचं हे सांगण्यात गेलेला निघाला. निव्वळ शाबासकी फारच थोडी होती. ‘गुड, गुड, व्हेरी गुड’वर चालणारा सराव ऐकायला गोड लागतो, पण त्यातून पोराला पुढे नेमकं काय करायचं ते कळत नाही.

दुसरं काम घरी बसून करायचं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. तुम्हाला सहज येणारं एखादं कौशल्य घ्या, समजा डोक्यावरून चेंडू फेकणं, आणि ते दहा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात कसं सांगाल ते लिहून काढा. चांगल्या खेळाडूंची इथे हमखास गाडी अडते. फिट्स आणि पॉझ्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. आधी विचार करत करायचं, मग चुका कमी होत जातात, शेवटी हात आपोआप चालतो. तुम्ही तिसऱ्या टप्प्यावर आहात, मूल पहिल्यावर. शिवाय सूचना शरीराकडे बोट दाखवणारी असावी की परिणामाकडे, याचाही विचार करा. ‘मनगट असं वळव’ यापेक्षा ‘चेंडू त्या कोपऱ्यात पाठव’ ही सूचना बहुधा जास्त लागू पडते. गाब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनानंतर हा मुद्दा अभ्यासक्रमांत पक्का बसलाय.

त्याला लागूनच एक धक्का आधीच पचवून ठेवा. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ साली एक प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल घोटून घोटून केली, दुसऱ्याने सगळ्या हालचाली आलटून पालटून केल्या. सराव चालू असताना घोटणारा गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा आलटून पालटून करणारा गट सरस ठरला. म्हणजे ‘आज सराव काय मस्त झाला’ एवढ्यावरून पोरं शिकली असं म्हणता येत नाही. पहिल्या वर्षात हे एवढं जरी अंगी मुरलं तरी फी वसूल झाली म्हणायची.

मग सत्राची आखणी. एका सत्राला एकच उद्दिष्ट, आणि तेही डोळ्यांनी तपासता येईल असं. ‘पासिंग सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘समोर एक बचावपटू असताना पास देण्याआधी मान वर करून बघणे’ हे उद्दिष्ट. आखणीत वॉर्मअप, मुख्य भाग, छोटा सामना, शेवटची शिथिलता, प्रत्येकाचा वेळ, लागणारं साहित्य हे सगळं येतंच. नवखे विसरतात ते पुढचं: वीसऐवजी अकराच आले तर काय, विषम संख्या झाली तर काय, ड्रिल (पुन्हा पुन्हा करायचा सरावाचा प्रकार) अगदीच सोपा पडला तर काय. जागा लहान-मोठी करणं, काम बदलणं, साहित्य बदलणं, माणसांची संख्या बदलणं या ड्रिल सोपा-अवघड करायच्या चार युक्त्या. प्रत्येक ड्रिलसमोर यातला किमान एक पर्याय लिहून ठेवा.

शरीरशास्त्राचं मात्र फार टेन्शन नको. मोठे स्नायू आणि सांधे, ऊर्जेच्या तीन यंत्रणा, जास्तीचा भार आणि विश्रांती यांचं नातं, एवढं चाळून गेलात तरी वर्गात हरवणार नाही. त्यापेक्षा स्वतःच्या व्यायामाचा भार नोंदवायला लागा. सत्र किती जड गेलं याला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं आणि सात आकडा, तर भार ४२०. कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत कागद-पेन्सिलीवर चालते आणि आठवड्याचा चढउतार लगेच दाखवते. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात ते काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र कुठेतरी भेटेलच. ती ढोबळ सरासरी आहे, एखाद्या खेळाडूची आखणी तिच्यावर टांगू नका.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण प्रत्यक्ष हजर राहून घ्या. व्हिडिओ बघून हाताला जोराचा अंदाज येत नाही. प्रौढ माणसाला सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायचा उपचार) देताना छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि ३० दाबांनंतर २ श्वास. उष्माघाताचा संशय आला तर मदत बोलवा आणि तिची वाट बघत न बसता अंग थंड करायला लागा. डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसल्याची शंका असेल तर खेळाडू बाहेर, त्या दिवशी पुन्हा आत नाही. मग तो कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणो.

मुलांसोबत काम असेल तर पार्श्वभूमी तपासणीचा अर्ज आधीच भरा, त्याला वेळ लागतो. मुलाशी एकट्याने बंद खोलीत बोलायचं नाही, खासगी मेसेज पाठवायचे नाहीत, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळा. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास येतो, पण व्यक्तीगणिक फरक मोठा. एकाच वयोगटात एक जण अर्धा पुरुष दिसतो आणि दुसरा अजून लहानच. निवड करताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर कौशल्याच्या नावाखाली उंचीच निवडाल.

सामान किरकोळ आहे. चांगली शिट्टी, बटणं असलेलं स्टॉपवॉच (ओल्या हाताने फोनचा स्क्रीन चालत नाही), पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही आणि मैदानाला साजेसे बूट. कोन आणि बिब (संघ ओळखू यावेत म्हणून अंगावर चढवायची रंगीत बंडी) बहुधा विभागाकडे असतात. विकत घेण्याआधी विचारा. विम्याचे, वैद्यकीय तपासणीचे आणि जुन्या प्रमाणपत्रांचे कागद एका फाइलमध्ये लावा.

शेवटचं, प्रत्यक्ष कामाची जागा. अभ्यासक्रमात बाहेरच्या क्लबात ठरावीक तास भरायचे असतील तर त्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा. जमल्यास मोठ्या संघापेक्षा नवशिक्यांचा गट मागा. संघात तुम्ही कोन मांडत बसाल, नवशिक्यांसमोर बोलायला मिळेल. आणि विभागाने लेखी मान्यता देण्याआधी भरलेले तास धरले जातात का, हेही तेव्हाच विचारून घ्या.