परसातल्या कावळ्याची स्थळस्मृती कशी तपासावी

अन्न दडवून ठेवणारे पक्षी पाहण्यासाठी चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. डोमकावळा आणि टकाचोर हे काककुळातले पक्षी गोव्यातल्या कुळागरांच्या (माड-पोफळीच्या बागांच्या) कडेला सहज आढळतात. पावसाळा मात्र टाळावा.

परसातल्या मोकळ्या जागेत फुलांच्या दोन-तीन कुंड्या आधीपासून मांडून ठेवाव्यात, म्हणजे पक्ष्याला त्या ओळखीच्या होतील. नंतर सकाळी बिनमिठाच्या भुईमुगाच्या शेंगा ठेवून पडवीतून पाहावे. पोट भरलेला पक्षी उरलेली शेंग गडग्याच्या फटीत किंवा पाचोळ्याखाली खुपसतो. ती जागा ताबडतोब नकाशावर टिपावी, पण जवळ जाऊ नये, कारण आपल्यावर कोणाची नजर आहे असे वाटल्यास काककुळातले काही पक्षी साठा दुसरीकडे हलवतात.

खरी परीक्षा यापुढे आहे. उत्तर अमेरिकेतला क्लार्कचा नटक्रॅकर हा काककुळातलाच पक्षी हजारो बिया पुरून त्या महिन्यांनंतर शोधतो, आणि प्रयोगात एका बाजूच्या खुणेच्या वस्तू सरकवल्या तेव्हा त्या बाजूला त्याची चोचही तितकीच सरकून पडली. म्हणून शेंग मोकळ्या जमिनीत कुंड्यांजवळ पुरली गेली असेल, तर पक्षी दूर असताना सगळ्या कुंड्या एकाच दिशेला हातभर सरकवाव्यात आणि तो परतल्यावर आधी कुठे उकरतो ते नोंदवावे. एखाद्या यशावरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते: तो वासाने किंवा योगायोगानेही पोहोचू शकतो. त्यासाठी स्वतः दोन-चार शेंगा इतरत्र पुराव्यात. त्याही तितक्याच सहज सापडत असतील, तर श्रेय स्मृतीला देता येणार नाही.