म्युझस्कोअरमध्ये पियानोचे फिंगरिंग कमी कष्टात कसे भरावे

पियानोच्या नोटेशनमध्ये कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हे १ ते ५ या आकड्यांनी दाखवतात; यालाच फिंगरिंग म्हणतात. दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. (व्हायोलिनमध्ये मात्र १ म्हणजे तर्जनी आणि ० म्हणजे मोकळी तार, त्यामुळे आधी व्हायोलिन शिकून पियानोकडे आलेल्या विद्यार्थ्याचा सुरुवातीला गोंधळ होतो.) हे आकडे संगणकावर भरताना वेळ टायपिंगमध्ये फारसा जात नाही. तो जातो एकेक आकडा माउसने उचलून जागेवर बसवण्यात, आणि बोटे पक्की ठरलेली नसताना लिहायला घेतल्यामुळे पुन्हापुन्हा खोडण्यात. म्हणून आधी छापील प्रत पियानोवर ठेवून, खऱ्या लयीत वाजवून, पेन्सिलीने आकडे घालावेत आणि मगच संगणकासमोर बसावे.

म्युझस्कोअर या नोटेशन लिहिण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एफ९ दाबल्यावर पॅलेट, म्हणजे चिन्हांचे संच, उघडतात. पहिला स्वर निवडून ‘फिंगरिंग’ पॅलेटमधल्या आकड्यावर क्लिक केले की तो आकडा स्वराला जोडला जातो. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुढच्या प्रत्येक स्वरासाठी पॅलेटपर्यंत माउस नेत राहतात. त्याऐवजी पहिल्या आकड्यावर डबल-क्लिक करून तो संपादनासाठी उघडावा आणि स्पेस दाबावी, म्हणजे कर्सर पुढच्या स्वरावर जातो. तिथे आकडा टाइप करून पुन्हा स्पेस, असे करत संपूर्ण ओळ हात न उचलता भरता येते. मागे यायचे असल्यास शिफ्टसह स्पेस. ज्या स्वराला आकडा नको तिथे काहीही न लिहिता स्पेस दाबून पुढे जावे, कारण रिकामा राहिलेला आकडा नोटेशनमध्ये उरत नाही. उजव्या हाताच्या सी मेजर स्केलचे १ २ ३ १ २ ३ ४ ५ असे भरायला दहा-बारा सेकंद पुरतात. मात्र कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना, हे आधी पाहून घ्यावे; मराठी कीबोर्ड चालू राहिला तर देवनागरी आकडे उमटू शकतात, आणि ते बहुधा छापील प्रत हातात आल्यावरच लक्षात येते.

एकच आकडा अनेक ठिकाणी हवा असेल, उदाहरणार्थ जिथे जिथे अंगठा खालून वळतो ते सगळे स्वर, तर कंट्रोल दाबून ते स्वर एकामागून एक निवडावेत आणि पॅलेटमधल्या १ वर एकदाच क्लिक करावे. डाव्या हाताला सी-जी-ई-जी अशी तीच आकृती मेझरमागून मेझर (दोन उभ्या रेषांमधला भाग) येत असेल, तर पहिल्याच मेझरला ५ १ ३ १ लिहून मग ते मेझर कॉपी करावे, कारण स्वरांबरोबर त्यांचे आकडेही कॉपी होतात. खरे तर अशा ठिकाणी पुढच्या मेझरांना आकड्यांची गरजच नसते. माझ्या मते हाताची जागा बदलते, अंगठा वळतो किंवा अनपेक्षित बोट येते तिथेच आकडा असावा. प्रत्येक स्वरावर आकडा असलेली प्रत वाचणारा विद्यार्थी स्वर वाचायचे सोडून आकडेच वाचू लागतो.

भरलेले आकडे बदलण्याचे काम निवडीवर अवलंबून असते. कोणत्याही एका आकड्यावर उजवे क्लिक करून ‘सिलेक्ट’मधल्या ‘मोअर’ या पर्यायात गेल्यास, त्याच स्टाफमधले (पाच रेषांच्या ओळीतले) किंवा त्याच व्हॉइसमधले (त्या ओळीतल्या एका स्वतंत्र स्वरप्रवाहातले) सगळे फिंगरिंग एकदम निवडता येते. मग ‘प्रॉपर्टीज’मध्ये ते स्वरांच्या वर हवे की खाली हे एकाच वेळी ठरवता येते, व्ही दाबून लपवता येते किंवा डिलीट दाबून काढून टाकता येते. विद्यार्थ्याने स्वतः बोटे शोधावीत अशी प्रत हवी असल्यास फाइलची वेगळी प्रत करून तिच्यातले आकडे लपवावेत, म्हणजे मूळ काम शाबूत राहते.

अक्षरांचा आकार कधीही एकेका आकड्याला देऊ नये. ‘फॉरमॅट’मधल्या ‘स्टाइल’मध्ये, टेक्स्ट स्टाइल्सच्या यादीत ‘फिंगरिंग’ आहे. तिथे केलेला बदल संपूर्ण रचनेला लागू होतो. गिटारच्या दोन हातांसाठी त्याच यादीत स्वतंत्र स्टाइल्स आहेत.

आकडे स्लरवर (स्वर जोडून वाजवायचे दाखवणाऱ्या कमानीवर) किंवा शेजारच्या चिन्हावर आदळत असले तरी माउसने ओढाओढ अगदी शेवटी करावी. मेझरांची रुंदी किंवा पानाची मांडणी बदलली की सॉफ्टवेअर आकड्यांची जागा स्वतःच नव्याने ठरवते, पण हाताने हलवलेल्या आकड्याचे अंतर तसेच राहते आणि तो भलत्याच जागी दिसू लागतो. असे झाल्यास ते आकडे निवडून कंट्रोल आणि आर दाबावे, म्हणजे ते मूळ जागी परततात.