मेंटॉर संस्था म्हणून अर्ज करताय? दुसरा मेंटॉर आधी पक्का करा

गूगल समर ऑफ कोड म्हणजे ओपन सोर्स प्रकल्पांवर काम करणाऱ्या नवख्यांना गूगल मानधन देतं तो कार्यक्रम; मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, संस्थेने द्यायचे. त्यासाठी संस्था म्हणून अर्ज करायचं तुमच्या कम्युनिटीत ठरत असेल, तर फॉर्म उघडण्याआधी एक काम करा. आयडिया लिस्टमधली, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतली, कुठलीही एक आयडिया घ्या. तिच्यासमोर दुसरा मेंटॉर म्हणून ज्याचं नाव आहे त्याला फोन लावा आणि विचारा, "हे काम नेमकं काय आहे, मला समजावून सांग." पलीकडून "अरे ते ना, बघू की, तो आहेच ना" असं उत्तर आलं, तर ती आयडिया त्या वर्षापुरती यादीतून काढा. कितीही आवडती असली तरी.

इतकं निक्षून सांगतोय, कारण आम्ही तिथेच अडकलो. आमची कम्युनिटी लहान, भारतीय भाषांच्या साधनांवर काम करणारी. संस्थेची निवड झाली, विद्यार्थिनीचं प्रपोजल (कामाचा प्रस्ताव) चांगलं आलं, मुलगी मेहनती मिळाली. जूनअखेर पहिल्या मेंटॉरची नोकरी बदलली, गाव बदललं, आठवडाभर तो कुठे दिसेना. दुसऱ्या मेंटॉरचं नाव यादीत होतं आणि त्याची संमतीही होती. पण कोडचा तो भाग त्याने कधी उघडलाच नव्हता. तिची पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोड, तशीच पडून. ती रोज नम्रपणे विचारायची, "सर, रिव्ह्यू झाला का?" आणि याच्याकडे "बघतो" याखेरीज द्यायला काही नव्हतं. मिडटर्म, म्हणजे अर्ध्या वाटेवरचं मूल्यमापन, तोंडावर आलेली. दोष तिचा तर नव्हताच, त्याचाही नव्हता. त्याला आम्ही फक्त नावाला उभं केलं होतं.

नियम काय म्हणतो ते तुम्हाला माहीत असेलच: संस्थेकडून कारभार बघणारे किमान दोन ऑर्ग अ‍ॅडमिन लागतात आणि प्रत्येक प्रोजेक्टला दोन मेंटॉर असावेत असा आग्रह असतो. छोट्या कम्युनिटीत मग काय होतं? सक्रिय माणसं चार, आयडिया सहा. तीच चार नावं आलटूनपालटून सगळीकडे लागतात. कागदावर प्रत्येक आयडियाला दोन मेंटॉर दिसतात, प्रत्यक्षात प्रत्येक आयडिया एकाच माणसाच्या डोक्यात असते. त्या माणसाला ताप आला, बाळ झालं, ऑफिसात रिलीज आलं, की विद्यार्थ्याचा उन्हाळा थांबतो. आणि तो विद्यार्थी तोंड उघडत नाही. आपल्याकडची मुलं तर अजिबात नाही. मेंटॉरची तक्रार करायची म्हणजे उद्धटपणा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे तुम्हाला कळतं तेव्हा तीन आठवडे गेलेले असतात.

हे यादी लिहितानाच पकडता येतं. आमची मूळ नोंद अशी होती: "मराठी स्पेलचेकर सुधारणे. कौशल्य: पायथन. काठिण्य: मध्यम." ज्याने ती लिहिली त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. बाकी कुणालाच नाही. सुधारायचं म्हणजे काय? शब्द वाढवायचे, नियम बदलायचे, की सूचना चांगल्या द्यायच्या?

तीच नोंद पुढे दोघांनी शेजारी बसून लिहिली. स्पेलचेकरमागचं हनस्पेल हे साधन एका शब्दाचे प्रत्यय जास्तीत जास्त दोन थरांपर्यंत सोलतं. मराठीत 'घर' वरून 'घरात', 'घरातल्या', 'घरातल्यांना', 'घरातल्यांनासुद्धा' असं चढत जाता येतं, म्हणजे दोन थर पुरत नाहीत. शिवाय सामान्यरूप आहे: घोडा-घोड्याला, भाऊ-भावाला, पाणी-पाण्यात. म्हणून काम असं ठरलं: नामांच्या प्रत्येक गटासाठी प्रत्ययांच्या साखळ्या आधीच जोडून प्रत्ययांच्या नियमांची अ‍ॅफिक्स फाइल तयार करणारी स्क्रिप्ट लिहायची. मिडटर्मपर्यंत फक्त आकारान्त पुल्लिंगी नामं. शेवटी चाचणीसाठी शब्दयादी, आणि लिबरऑफिसमध्ये चालवून दाखवायचं. १७५ तास. हे लिहून होईपर्यंत दुसऱ्या मेंटॉरला ते काम आपोआप कळलं होतं, कारण साखळ्या कुठे तुटतात यावर तो अर्धा तास भांडला होता. माझ्या मते हे भांडण झाल्याशिवाय आयडिया यादीत जाऊच नये.

गूगलच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक आयडियासाठी वर्णन, अपेक्षित परिणाम, लागणारी कौशल्यं, संभाव्य मेंटॉर, तास आणि काठिण्य मागितलेलं असतं. तास आता तीन मापांत येतात: ९०, १७५ किंवा ३५०. ९० चा पर्याय २०२४ पासून आला आणि नव्या संस्थेने त्याच्याकडे जरूर बघावं. अर्ज निवडला जाणार की नाही हे मुख्यतः या यादीवर ठरतं. फॉर्ममधली बाकीची उत्तरं एका संध्याकाळी लिहून होतात. यादीची लिंक मात्र लॉगिनशिवाय उघडते ना, ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा.

वेळेचं गणित लक्षात घ्या. २०२५ मध्ये संस्थांचे अर्ज २७ जानेवारी ते ११ फेब्रुवारी या काळात घेतले गेले आणि निवडलेल्यांची नावं २७ फेब्रुवारीला आली. म्हणजे यादीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायला हवं. जानेवारीत जागं होऊन लिहिलेली यादी वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

निवड जाहीर झाली की लोंढा येतो. त्याची धास्ती घेऊ नका, पण तयारी ठेवा. "मला हा इश्यू असाइन करा", म्हणजे हे नोंदवलेलं सुटं काम मला द्या, अशा विनंत्यांचा पाऊस पडतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी रेपो क्लोनसुद्धा केलेला नसतो, म्हणजे कोडची प्रत स्वतःकडे उतरवलेलीही नसते. इश्यू कुणालाच राखून ठेवू नका; जो काम करून पाठवेल त्याचं काम बघायचं. यांत्रिक भाषांतरावर काम करणाऱ्या अपर्टियमसारख्या जुन्या संस्था आयडियाबरोबरच एक छोटं कोडिंगचं आव्हान देतात. ती पद्धत मला फार आवडते. प्रपोजलं आजकाल एआयकडून गुळगुळीत लिहून येतात. तीस ओळींच्या पॅचवर (कोडमधल्या बदलावर) दोन प्रश्न विचारले की माणूस कळतो. आणि "निवड झालेली प्रपोजलं" म्हणून जे साचे मुलांमध्ये फिरतात, त्यांनी मुलांचं नुकसानच केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. भेटेल त्या विद्यार्थ्याला मी हे सांगतो.

मेंटॉर कुणाला करावं? कम्युनिटीतला सगळ्यात हुशार कोडर हा बहुतेक वेळा चुकीचा माणूस असतो. तो विद्यार्थ्याचं काम रात्रीत स्वतःच करून टाकतो. जो दोन वर्षांपूर्वी स्वतः याच कोडपाशी अडखळला होता तो शोधा. नवखा कुठे पडणार हे त्याला आठवत असतं. मोठं नाव यादीत दिसावं म्हणून कुणाला घेऊ नका. जुन्या संस्थांना नव्या संस्थेची हमी देता येते, तीही ज्यांनी तुमचं काम खरंच पाहिलंय त्यांच्याकडूनच मागा.

पहिल्या वर्षी एक-दोनच स्लॉट, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागा, मिळतील असं धरून चला. मिळतोय म्हणून तिसरा मागू नका. हे कठोर वाटेल, पण एका विद्यार्थ्याकडे नीट लक्ष देणं हेच छोट्या कम्युनिटीला आठवड्याचे पाच-सहा तास खातं, आणि ते तास कुणाच्या तरी घरच्या वेळेतून जातात.

आपल्याकडचं कॅलेंडरही यादीसोबत मांडून बसा. कोडिंग जूनच्या आसपास सुरू होतं, तेव्हा कित्येक कॉलेजांच्या परीक्षा संपायच्या असतात. पुढे कॅम्पस प्लेसमेंट सुरू होतात. शेवटचं मूल्यमापन येतं ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि नेमके तेव्हाच गणपती असतात. मेंटॉर कोकणात घरी गेला आणि तिथे रेंज नसली तर मूल्यमापनाचा फॉर्म राहून जातो. मेंटॉरने मूल्यमापन भरायचं राहिलं की ते संस्थेच्या नावावर नोंदलं जातं. दोघं मेंटॉर एकाच आठवड्यात गावाला जाणार नाहीत, एवढं मे महिन्यातच विचारून घ्या. तारखा सोयीच्या नसतील तर प्रोजेक्टचा काळ बारा आठवड्यांवरून बावीसपर्यंत वाढवता येतो. आमच्या त्या मुलीला त्याचाच आधार झाला. तोवर तिसऱ्या एका मेंटेनरने (प्रकल्पाचा कोड सांभाळणाऱ्याने) तो कोड मुळापासून वाचला आणि तिच्यासोबत बसून काम पुरं केलं.

आता धीराचं बोलतो. चार माणसांची कम्युनिटी हे करू शकते, नक्की करू शकते. दोन आयडिया द्या, पण दोन्ही दोघा-दोघांना पाठ असू द्या. सहा आयडियांच्या पोकळ यादीपेक्षा अशी यादी वाचणाऱ्याला जास्त भावते.

आणि निवड झाली नाही तर ती लिहिलेली आयडिया टाकून देऊ नका. आउटरीची हाही असाच इंटर्नशिपचा कार्यक्रम आहे, पण त्यासाठी इंटर्नच्या मानधनाची सोय संस्थेला करावी लागते, त्यामुळे तिकडे जाण्याआधी पैशांचं बघा. तेही जमत नसेल तर आयडियाचे तुकडे करून साधे इश्यू म्हणून उघडा आणि त्यातल्या पहिल्यावर पॅच पाठवायला दुसऱ्या मेंटॉरलाच सांगा. पुढच्या जानेवारीत फोन लावाल तेव्हा तो काम समजावून सांगेल.